गोव्यातलं स्तनवर्धन पॅकेज: पैसे कशाचे मोजायचे, काय विचारून घ्यायचं

गोव्यात स्तनवर्धनाची सेवा साधारण तीन तऱ्हांनी मिळते. इथेच राहणारा प्लास्टिक सर्जन पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या खासगी इस्पितळात ऑपरेशन करतो, ही पहिली. बाहेरच्या मोठ्या शहरातला सर्जन ठरलेल्या दिवशी विमानाने येतो, ओळीने ऑपरेशनं करतो आणि संध्याकाळी परततो, ही दुसरी. तिसरी म्हणजे पर्यटकांसाठीचं पॅकेज, हॉटेलातल्या खोलीसकट. तिन्हींकडे इम्प्लांट (स्तनात घालायच्या, बहुधा सिलिकॉन जेल भरलेल्या पिशव्या) त्याच चार-पाच कंपन्यांचे आणि ऑपरेशनही तेच, तास-दीड तासाचं. खरा फरक पडतो तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या ४८ तासांत तुम्हाला पाहायला कोण येणार, यात. आमच्या मते पहिली तऱ्हा घ्यावी. दुसरी अटी घालून चालेल. तिसऱ्या तऱ्हेत हॉटेलचे पैसे जातात आणि रात्रपाळीची नर्स मिळत नाही.

आधी डॉक्टरबद्दल. ‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी वेगळी पदवी आपल्याकडे नाही. ती पाटी कुणीही लावतो. पाहायचं ते एम.सीएच. किंवा डीएनबी (नव्या नावाने डीआरएनबी), तेही प्लास्टिक सर्जरीतलं. म्हणजे एमबीबीएस, मग जनरल सर्जरीतलं पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर आणखी तीन वर्षं. नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीत सापडतं का ते पाहावं, आणि या शाखेच्या अखिल भारतीय संघटनेचं सदस्यत्व असेल तर उत्तम. त्वचारोगतज्ज्ञ बोटॉक्स कितीही छान देत असले तरी हे काम त्यांचं नव्हे. पार्लरमध्ये ‘इंजेक्शनने वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नये. स्तनात टोचलेलं जेल इकडे-तिकडे सरकतं, त्याच्या गाठी होतात, आणि ते पुरतं काढता येत नाही.

बाहेरून येणाऱ्या सर्जनकडे जायचं असेल तर एकच प्रश्न, पण लेखी उत्तरासकट: रात्री दोन वाजता एक बाजू फुगली तर ऑपरेशन थिएटर कुठलं, भूलतज्ज्ञ कोण, आणि जखम पुन्हा उघडणारा सर्जन कोण? ‘फोन करा, आम्ही आहोत’ हे उत्तर धरू नये.

माप

पहिल्या भेटीत सर्जनने टेप काढली नाही तर उठून यावं. मोजायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: स्तनाच्या तळाची रुंदी, गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, त्वचा किती ताणली जाते, आणि वरच्या भागात चिमटीत किती जाडी येते. इम्प्लांटची रुंदी या तळाच्या रुंदीत बसली पाहिजे. ती ओलांडली की इम्प्लांट काखेकडे पसरतो, नाहीतर मधोमध दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आणि ती चूक निस्तरायला फार अवघड.

‘डी कप करून देऊ’ हे आश्वासन पोकळ असतं. कप प्रत्येक कंपनीच्या ब्रामध्ये वेगळा; सर्जनच्या हातात असतात ते सीसी, म्हणजे मिलिलिटर. आपल्याकडच्या बांध्याला बहुधा २०० ते ३५० सीसीच्या मधलं काहीतरी बसतं. ३०० आणि ३२५ मधला फरक अंगावर ओळखू येत नाही, तेव्हा त्यावर रात्री जागवू नयेत. त्यापेक्षा एकाच आकारमानाचे, पण कमी किंवा जास्त उंचीचे इम्प्लांट कसे दिसतात ते विचारावं. दिसण्यात जास्त फरक त्याने पडतो.

घरी करून पाहायची तांदळाची चाचणी बऱ्यापैकी उपयोगी आहे, मात्र ती वजनाने करू नये. मापाच्या भांड्यात ३०० मिली भरतील एवढे तांदूळ घ्यावेत, उकडे असोत की सुरय, पातळ मोज्यात भरून गाठ मारावी आणि जरा सैल ब्रामध्ये ठेवून दिवसभर घरात वावरावं. खरा सिलिकॉन इम्प्लांट तांदळापेक्षा जड असतो: ३०० सीसीचा एक म्हणजे सुमारे २९० ग्रॅम, दोन्ही मिळून अर्ध्या किलोहून जास्त. पाठ, खांदे आणि उतारावरून चालणं या सगळ्याचा अंदाज त्यातच येतो.

स्तनाग्र खालच्या घडीच्या पातळीखाली गेलं असेल तर नुसत्या इम्प्लांटने भागत नाही. तिथे लिफ्टही, म्हणजे स्तन वर उचलून बसवणंही, करावा लागतो, व्रण वाढतात, बिल वाढतं. बाळंतपणानंतर आणि अंगावरचं दूध सुटल्यावर आकार उतरला म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणींना हे पहिल्यांदा दवाखान्यातच कळतं. दूध थांबल्यावर निदान सहा महिने जाऊ द्यावेत. तोवर आकार बदलतच असतो आणि घेतलेली मापं फुकट जातात.

इम्प्लांट, खिसा, चीर

सिलिकॉनचे इम्प्लांट १९६२ पासून वापरात आहेत. आजचं जेल घट्ट असतं. कवच चिरलं तरी पातळ तेलासारखं वाहत नाही. मिठाच्या पाण्याचे इम्प्लांट आपल्याकडे क्वचितच घातले जातात. पृष्ठभाग मात्र नीट विचारून घ्यावा. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी बीआयए-एएलसीएल नावाच्या लसिकापेशींच्या दुर्मिळ कर्करोगाचा संबंध आढळला, आणि २०१९ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेच्या सांगण्यावरून इम्प्लांट बनवणाऱ्या अ‍ॅलर्गनने आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले. आज नवीन घालायचे तर गुळगुळीत किंवा अगदी बारीक पोताचे घ्यावेत, असं आमचं मत. मेंटॉर कंपनीचे गुळगुळीत इम्प्लांट जुन्या परिचयाचे आहेत. मोटिवा नावाच्या इम्प्लांटना अमेरिकेत परवानगी २०२४ मध्ये मिळाली, इतर देशांत ते आधीपासून होते. स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी कंपनीचा मोह आवरावा. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरल्याचं २०१० मध्ये उघड झालं, तोवर ते हजारो जणींच्या अंगात गेलेलं होतं.

खोक्यावर आयात परवान्याची नोंद, सीरियल नंबर आणि मुदत असते. सील आपल्यासमोर किंवा आपल्या माणसासमोर दाखवा, असं सांगायला लाजू नये. प्रत्येक इम्प्लांटबरोबर येणारे स्टिकर तुमच्या कार्डावर लागले पाहिजेत, डावं-उजवं नोंदवून. त्याचा फोटो काढून घरातल्या विश्वासाच्या एका माणसाकडे ठेवावा. दहा वर्षांनी क्लिनिक जागेवर असेलच असं नाही.

इम्प्लांट ज्या पोकळीत बसतो तिला खिसा म्हणतात. तो स्तनग्रंथीखाली करायचा की छातीच्या स्नायूखाली, हा निर्णय चिमटीवर ठरतो. वरच्या भागात दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जाडी असेल तर इम्प्लांटची कड आणि सुरकुत्या बाहेरून दिसतात, म्हणून स्नायूखाली. त्यातही ‘ड्युअल प्लेन’ ही पद्धत जास्त चालते: वरचा भाग स्नायूखाली, खालचा ग्रंथीखाली. स्नायूखालच्या इम्प्लांटचं दुखणं पहिल्या आठवड्यात जास्त, आणि पुढेही हात जोर लावून आवळला की इम्प्लांट वर-बाहेर हललेला दिसतो. रोज पोहणाऱ्या, जिममध्ये वजन उचलणाऱ्या किंवा विहिरीचं पाणी ओढणाऱ्या बाईने हे सर्जनला आधी सांगावं.

चीर स्तनाखालच्या घडीत घ्यावी, साधारण चार ते पाच सेंटिमीटर. स्तनाग्राभोवतीची चीर दिसत नाही म्हणून विकली जाते, पण तिथून दुधाच्या नळ्या तुटतात आणि त्यांतले जंतू खिशात जातात. काखेतली चीर पहिल्या वेळेला ठीक. पुढे इम्प्लांट बदलायचा झाला की बहुतेकदा घडीत नवी चीर घ्यावीच लागते.

बिल

आकडा इम्प्लांटच्या कंपनीवर हलतो, म्हणून ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा स्वीकारू नये. त्यात इम्प्लांटची जोडी, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खाट, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, सोनोग्राफी, सर्जिकल ब्रा, औषधं आणि पुढच्या भेटी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर जीएसटी लागतो, आणि कित्येकदा तो शेवटच्या कागदावरच उगवतो. जन्मजात दोष किंवा इजेमुळे करायची पुनर्रचना यातून वगळलेली आहे, तेव्हा तुमचं निदान कागदावर कसं लिहिलंय ते पाहावं. आरोग्य विमा हा खर्च देत नाही; पुढे यातून काही गुंतागुंत झाली तर तिच्यावरही कंपनी हात वर करू शकते. कंपनीची वॉरंटी म्हणजे बहुतेकदा नवा इम्प्लांट. थिएटरचा आणि भुलीचा खर्च कोण देणार, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आणखी एक कागद: फोटोंची परवानगी. वैद्यकीय नोंदीसाठी फोटो लागतातच. इन्स्टाग्रामसाठीची परवानगी मात्र वेगळी असते आणि ती बिनदिक्कत नाकारता येते. गोवा केवढा तो. चेहरा कापला तरी गळ्यातला ताईत कुणीतरी ओळखतंच.

आधीचे आठवडे आणि तो दिवस

सिगारेट निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर बंद. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, चीर उसवते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई आणि वैद्याने दिलेले काढे ही सगळी यादी सर्जनला द्यायची. यांतल्या कित्येकांनी रक्त पातळ होतं आणि ती एक-दोन आठवडे आधी थांबवावी लागतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नये. गर्भनिरोधक गोळ्यांचंही सांगावं, कारण पायात रक्ताची गुठळी होण्याशी त्यांचा संबंध आहे. चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राम आधी, त्याखालच्यांना सोनोग्राफी.

तारीख ठरवताना चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, भान ठेवावं. माटोळी बांधणं, नारळ खवणं, पाहुण्यांची ताटं उचलणं यांत छातीचा स्नायू जेवढा वापरला जातो तेवढा वर्षभरात नसेल. चवथीआधी सहा आठवडे मोकळे मिळत नसतील तर नंतरची तारीख घ्यावी. उकाडा कमी असतो ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे.

ऑपरेशनआधी हलकं जेवण सहा तास, तळकट किंवा मांसाहारी आठ तास, आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद. सोलकढी पाण्यात मोडत नाही, तिच्यात नारळाचा रस असतो.

त्या दिवशी सर्जन उभं करून खुणा करतो. आडवं झाल्यावर सगळं सरकतं, म्हणून हे आधीच व्हायला हवं. पूर्ण भूल दिली जाते. चीर देण्यापूर्वी शिरेतून अँटिबायोटिकचा डोस. मग खिसा तयार करायचा, रक्त थांबवायचं, खिसा जंतुनाशकाने धुवायचा. स्तनाग्रं चिकटपट्टीने झाकलेली असावीत, इम्प्लांट हाताळण्याआधी हातमोजे बदललेले असावेत, आणि इम्प्लांट त्वचेला न लागता आत जावा. काही सर्जन त्यासाठी फनेल वापरतात. हे सगळं बारीकसारीक वाटेल, पण पुढे शरीराने इम्प्लांटभोवती केलेलं आवरण आकसण्यामागे अशाच शिरलेल्या जंतूंचा हात असल्याचं मानतात. चांगला सर्जन टेबल उभं करून, रुग्णाला बसतं करून, साइझरने, म्हणजे मापासाठीच्या तात्पुरत्या इम्प्लांटने, दोन्ही बाजू पाहतो आणि मगच खरा इम्प्लांट घालतो. टाके आतले विरघळणारे. पहिल्या साध्या ऑपरेशनला साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी सहसा लागत नाही.

पहिले ४८ तास

दुखतं म्हणजे छातीवर कुणी बसल्यासारखा दाब येतो आणि हात खांद्यावर नेववत नाही. दोन्ही बाजू वर चढलेल्या, कडक आणि चकचकीत दिसतात. हे ठीक आहे. ठीक नाही ते असं: एकच बाजू काही तासांत दुसरीपेक्षा बरीच मोठी होते, ताठरते, गोळीला दाद न देणारं दुखतं आणि कातडी जांभळी पडते. ही आतली रक्तगाठ. शंभरात एक-दोन जणींना होते, बहुतेकदा पहिल्या दिवसातच. तिचा उपाय पट्टी, बर्फ किंवा ‘सकाळपर्यंत बघू’ नाही. थिएटरात नेऊन जखम उघडायची, रक्त काढायचं, वाहणारी रक्तवाहिनी बंद करायची. वेळेत झालं तर इम्प्लांट तोच परत घालता येतो आणि निकालही बिघडत नाही. राहून गेलं तर जंतुसंसर्ग आणि आवरण आकसणं यांची शक्यता वाढते. संध्याकाळच्या विमानाने गेलेल्या सर्जनबद्दल आम्ही एवढा आग्रह धरतो तो याच्यासाठी. त्याच दिवशी घरी सोडणार असतील आणि घर काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाला असेल, तर एक रात्र इस्पितळातच काढावी. बाहेरून येणाऱ्यांनी परतीचं तिकीट निदान आठ-दहा दिवसांनंतरचं काढावं. विमानात इम्प्लांट फुटत नाही. प्रश्न पायातल्या गुठळीचा आणि तपासणी चुकण्याचा आहे.

बिछान्यातून उठताना हातांवर जोर न देता कुशीवर वळून, पाय खाली सोडून उठावं. पहिल्या दिवसापासून घरात थोडं-थोडं चालावं.

पुढचे आठवडे

बैठं काम आठवड्याभराने जमतं. दोन-तीन किलोंहून जड काही उचलायचं नाही, मूलही नाही. ते खाली बसून मांडीवर घ्यावं. स्कूटरला किमान दोन-तीन आठवडे, आणि त्यानंतरही जोराने ब्रेक दाबून, हँडल झटक्याने वळवून दुखत नाही याची खात्री झाल्यावरच. कदंबच्या बसमध्ये वरची दांडी धरून उभं राहू नये. व्यायाम, पोहणं सहा आठवड्यांनी. समुद्र आणि हॉटेलचा तलाव जखम पुरती बुजेपर्यंत बंद.

गोव्याच्या दमट हवेचा त्रास घडीतल्या जखमेला होतो. घाम साचतो, कातडी पांढरी पडून सोलते, बुरशी येते. सर्जिकल ब्रा दिवसरात्र घालायची असल्याने एकीवर भागत नाही. पावसाळ्यात तीन घ्याव्यात, जूनमध्ये दोन दिवस कपडा वाळत नाही. आंघोळीनंतर घडी टिपून कोरडी करावी, पावडर टाकू नये. टाक्यांवर हळद, कोरफड, खोबरेल काही नको. जखम मिटल्यावर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दोन-तीन महिने. आपल्या कातडीवर व्रण जाड आणि काळा होण्याची प्रवृत्ती असते, आणि कान टोचल्यावर गाठ आलेली असेल तर ते आधीच सांगावं. ताप, वाढती लाली किंवा जखमेतून पाणी दिसलं तर फॅमिली डॉक्टरकडून गोळ्या घेऊन दिवस काढू नयेत, थेट सर्जनकडे जावं.

आकार खाली बसायला तीन ते सहा महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात आरशात पाहून रडू येणं इतकं नेहमीचं आहे की चांगली क्लिनिकं ते आधीच सांगून ठेवतात. स्तनाग्राची जाणीव बधिर किंवा अतिसंवेदनशील होते, बहुतेकींची महिन्यांत परत येते, काहींची कायमची बदलते.

वर्षांनी काय बिघडतं

शरीर कुठल्याही इम्प्लांटभोवती पातळ आवरण करतं. ते जाड होऊन आवळू लागलं की स्तन कडक होतो, आकार बिघडतो, शेवटी दुखतो. हे किती आकसलंय ते मोजणाऱ्या बेकरच्या चार पायऱ्यांत तिसरी आणि चौथी म्हणजे पुन्हा ऑपरेशन: आवरण काढणं आणि नवा इम्प्लांट. मालिशने हे टळतं याला भक्कम आधार नाही. सिलिकॉन इम्प्लांट फुटला तर बहुतेकदा कळतच नाही, म्हणून एफडीएची शिफारस आहे की पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. हा खर्च पॅकेजमध्ये कुणी दाखवत नाही. ‘दहा वर्षांनी बदलावाच लागतो’ हे खरं नाही आणि ‘आयुष्यभर टिकतो’ हेही नाही. कंपन्यांच्या दहा वर्षांच्या अभ्यासांत पहिल्यांदा इम्प्लांट घालणाऱ्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाहून थोड्या जास्त जणींचं कुठल्या ना कुठल्या कारणाने पुन्हा ऑपरेशन झालं. पंचविशीत घालणाऱ्या मुलीने दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे मनात धरूनच चालावं.

बीआयए-एएलसीएल बहुधा कैक वर्षांनी, एका बाजूला अचानक पाणी साचून सुजेच्या रूपात दिसतो. ते पाणी काढून सीडी-३० या, त्या कर्करोगाची खूण शोधणाऱ्या, तपासणीला पाठवायचं असतं, नुसतं फेकायचं नाही. वेळेत सापडला तर आवरणासकट इम्प्लांट काढून बहुतेकी बऱ्या होतात. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी इम्प्लांटमुळे होतात असं सांगणाऱ्या बायकाही आहेत. त्यासाठी एखादी ठाम चाचणी नाही, पण इम्प्लांट काढल्यावर काहींना आराम पडतो, त्यामुळे अशी तक्रार हसण्यावारी नेणारा सर्जन टाळावा.

स्वतःच्या पोटा-मांडीची चरबी भरणं हा पर्याय थोडीच वाढ हवी असणाऱ्यांना बरा. भरलेल्या चरबीतली साधारण निम्मी ते सत्तर टक्के टिकते, उरलेली विरते. तेलाच्या गाठी आणि चुन्याचे कण राहू शकतात, जे मॅमोग्राममध्ये गोंधळात टाकतात. सडपातळ बाईकडे काढायला चरबीच नसते.

अंगावर पाजणं बहुतेकींना जमतं, घडीतल्या चिरेनंतर तर जास्तच. मॅमोग्रामला गेलं की टेबलाजवळ जाण्याआधीच इम्प्लांट आहेत असं तंत्रज्ञाला सांगावं: इम्प्लांट मागे सारून घ्यायच्या जादा फिल्म असतात, एकूण नेहमीच्या चारऐवजी आठ, आणि त्या घेता येणाऱ्या केंद्रातच वेळ घ्यावी.